थांब म्हणणाऱ्याने परत यायचं

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी कुत्र्यांना काहीच शिकवत नाही. ती तोवर एकमेकांची चौकशी करून घेतात, आणि त्यांची माणसं कागदी पेल्यातली कॉफी हातात धरून माझ्याकडे बघत राहतात, की ही बाई आमच्या कुत्र्याला हात कधी लावणार. मी बोलते ते माणसांशी.

वर्ग भरतो चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला. मला कुणी प्रमाणपत्र दिलेलं नाही. सकाळी मी टपालाची गाडी घेऊन सरोवराच्या काठाकाठाने घरोघरी पत्रं टाकते, त्यामुळे पंचक्रोशीतली कुत्री मला आधी भुंकून ओळखतात आणि मग नावाने. कुत्र्यांमधलं जे काही कळतं त्यातलं निम्मं मला एका बीगलने शिकवलं, तेही तीनदा चावून, आणि उरलेलं वाचनालयातल्या पुस्तकांनी. बावीस वर्षं झाली.

तर पहिल्या दिवशी मी सांगते ते 'थांब'बद्दल. बस, आडवी हो, ये, सोड, हे सगळं कुत्रं चार दिवसांत उचलतं. 'थांब' अवघड, कारण त्यात करायचं काहीच नसतं.

"थांब म्हणालात, की परत यायचं," मी म्हणते. "लांबून हाक मारायची नाही. ज्याने थांब म्हटलं त्याने कुत्र्यापाशी चालत यायचं, छातीला हात लावायचा आणि सुटकेचा शब्द द्यायचा. तो शब्द मिळेपर्यंत कुत्रं जागचं हलणार नाही. म्हणून शब्द द्यायला विसरायचं नाही. आणि सकाळी कामाला निघताना दारातून 'थांब हं राजा' म्हणून निघून जाऊ नका. आठ तास कोण थांबेल? तुमची बायको थांबेल? 'घर सांभाळ' म्हणा, 'फ्रिज उघडू नकोस' म्हणा, पण 'थांब' म्हणू नका."

सगळे हसतात, माना डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून 'थांब' म्हणूनच कामाला जातात.

आणखी एक सांगते. "कुत्रं मधेच उठलं तर रागवायचं नाही. चूक त्याची नाही. त्याच्याकडे दहा सेकंद होते, तुम्ही तीस मागितलेत. उठायच्या आधी ते सांगतं. ओठ चाटतं, कान मागे नेतं, पुढचा एक पंजा जरासा उचलतं. ते दिसलं की ते उठायच्या आत परत जा."

हेही कुणी ऐकत नाही.

सहा वर्षांपूर्वी इल्मा कांगास माझ्या वर्गात आली होती, एक पिवळसर तपकिरी पिल्लू छातीशी धरून. पिल्लाचं नाव पुल्ला. आमच्याकडे फिनलंडहून आलेल्यांच्या घराघरांत वेलदोडा घातलेला गोड पाव भाजतात, त्याचं हे नाव, आणि पिल्लाचा रंग हुबेहूब तसाच होता. इल्माने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. सुटकेचा शब्द ज्याने त्याने आपापला निवडायचा असतो; तिने निवडला 'सुट्टी'. ती 'सुट्टी!' म्हणाली की पुल्ला चारही पाय हवेत टाकायची, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच घरी जावंसं वाटायचं.

तिचे यजमान रेनो तेव्हा कधी आत आले नाहीत. तासभर बाहेर गाडीत बसून रेडिओवर हॉकी ऐकायचे. कुत्र्याला शाळेत घालणं म्हणजे बदकाला पोहायच्या क्लासला घालणं, असं त्यांचं मत असल्याचं इल्मा सांगायची.

गेल्या फेब्रुवारीत इल्मा गेली. फुप्फुसांचा आजार, दवाखान्यात आठ दिवस होती.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी हॉलचा दरवाजा उघडला आणि रेनो आत आले. एकोणऐंशी वर्षांचे, एका खुब्याने अधू, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला पुल्ला, त्यांच्या पोटरीला चिकटून.

"रेनो? तुम्ही आणि आत?"

"गाडीतला रेडिओ बिघडलाय," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. टेकडीवरच्या वृद्धांच्या वसाहतीचे नियम होते. जुलैत ते मागच्या पायऱ्यांवरून पडले होते. त्यांची मुलगी केरी, ग्रीन बे शहरात असते, तिने येऊन त्यांचं घर विकायला काढलं आणि टेकडीवर त्यांचं नाव घातलं. एक डिसेंबरला खोली मिळणार होती. कुत्रं आणायला परवानगी होती, पण त्याने शहाणपणाची परीक्षा दिलेली हवी. शेवटची पायरी अशी, की कुत्र्याने आडवं होऊन तीन मिनिटं थांबायचं आणि मालकाने दाराबाहेर जायचं.

"आणि नापास झाली तर?"

"तर मी जाईन, ती नाही," रेनो म्हणाले. "केरीच्या नवऱ्याला दमा आहे. घर तर गेलंच." मग म्हणाले, "इल्माने शिकवलंय तिला सगळं. मला फक्त कळा कुठल्या ते दाखव. नवा ट्रॅक्टर घेतला की दाखवतात ना, तसं."

कळा त्यांना लगेच सापडल्या. बस म्हणाले, बसली. आडवी हो म्हणाले, झाली. ये म्हणाले, तर इतकी धावत आली की त्यांना खुर्ची धरावी लागली. 'थांब'ची वेळ आली तेव्हा मात्र त्यांचा पंजा अर्धाच वर गेला. तळहात कुत्र्याच्या समोर धरायचा असतो, रहदारीच्या पोलिसासारखा. रेनोंचा हात पोटापर्यंत आला आणि तिथेच राहिला. शब्द तोंडातल्या तोंडात. चार पावलं गेले आणि वळले. पुल्ला तोवर त्यांच्या मागे होतीच.

वर्गात डेल नावाचा एक सुतार होता, त्याचा लॅब्रडोर डिझेल. डेल म्हणाला, "रेनो, तिला थांब सांगताय की तिची परवानगी काढताय?"

"तुझा डिझेल खुर्चीखाली माझी पेस्टी खातोय," रेनो म्हणाले, "तिकडे बघ आधी."

खरंच खात होता, मांस-बटाटा भरलेली ती आमच्याकडची जाडजूड करंजी, कागदासकट.

सप्टेंबर असाच गेला. डिझेलसुद्धा एक मिनिट थांबायला शिकला. पुल्ला दहा सेकंदांच्या पुढे जाईना. मी सगळे उपाय केले. हॉटडॉगचे तुकडे बदलून चीज आणलं. चटई आणली. मी स्वतः 'थांब' म्हणून पाहिलं, तर ती माझ्यासाठी दोन मिनिटं दगडासारखी पडून राहिली. म्हणजे कुत्री शाबूत होती. बिघाड पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि ते सांगायला मला धीर होईना.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. घरी, सवयीच्या जागी सराव केला की जमतं कधीकधी, असं मी फोनवर म्हणाले होते. स्वयंपाकघरात खोकी रचलेली होती, केरीने त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'टेकडी', 'दान', 'फेकणे'. बाहेर सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोपटापाशी लाकडं मात्र पुढच्या दोन हिवाळ्यांना पुरतील इतकी फोडून रचलेली. रेनोंनी कॉफी केली, उकळून काळी केलेली. पुल्ला टेबलाखाली, त्यांच्या मोज्यांवर हनुवटी ठेवून.

"चला," मी म्हणाले, "तिला इथे चटईवर आडवी करा, थांब म्हणा, आणि मागच्या दाराने सॉनापर्यंत जाऊन या. मी इथे आहे. उठली तर उठली."

त्यांनी तिला आडवी केली. उभे राहिले. हात पोटापर्यंत आला. मग त्यांनी तो खाली नेला आणि परत खुर्चीत बसले.

"मी असंच म्हणालो होतो," ते म्हणाले.

"पुल्लाला?"

"इल्माला."

मी कप खाली ठेवला.

"दवाखान्यातला आठवा दिवस होता. ही पुल्ला सकाळपासून घरात एकटी कोंडलेली. नर्स म्हणाली, जाऊन या तुम्ही, कुत्रीला बाहेर काढून या, आज बाईंचं बरं आहे. बरं होतंच. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांनी 'जा' म्हणाली. मी दारात गेलो आणि वळलो. आणि असा हात केला." आता मात्र त्यांचा तळहात सरळ वर गेला, वर्गात एकदाही गेला नव्हता तसा. "म्हटलं, 'थांब.' गंमत म्हणून. दिवसातून पन्नास वेळा ती ह्या कुत्रीला तेच म्हणायची. ती हसली. मुखवट्यात वाफ धरली एवढी हसली. आणि काय केलं माहितीये? दोन्ही हात पांघरुणावर असे शेजारी शेजारी ठेवले. पंज्यांसारखे."

टेबलावर त्यांनी ते करून दाखवलं. गाठी आलेली बोटं, नखाखाली काळं.

"मी घरी आलो. हिला बाहेर सोडलं. ही बर्फात लोळायला लागली, तर म्हटलं लोळू दे बापडीला, दोन मिनिटं. मग परत गेलो. लिफ्टचं दार उघडलं तर नर्स तिथेच उभी."

"किती वेळ गेला होता?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. बावीस वर्षं मी लोकांना हाच प्रश्न विचारत आलेय, सवयीने तोंडातून गेला.

"अठ्ठेचाळीस मिनिटं," रेनो म्हणाले.

"रेनो, अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे..."

"मला माहितीये. तू सांगतेस ना वर्गात. उठलं तर चूक त्याची नाही." त्यांनी कप बशीवर नीट मधोमध ठेवला. "ज्याने जास्त मागितलं त्याची."

ते वाक्य माझंच होतं. मी ते चिडक्या बाप्यांना शांत करायला म्हणायचे, पिल्लांना फटका बसू नये म्हणून. ते उठून ह्या माणसाच्या घरी जाऊन बसलं असेल, पहिल्या मंगळवारपासून रोज त्यांच्या समोर बसून कॉफी पीत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी म्हणाले, "ते कुत्र्यांचं आहे हो." ते म्हणाले, "हं." टेबलाखाली पुल्लाने एक सुस्कारा सोडला, आणि मला वाटलं, आमच्या तिघांत समजूतदार बोलणं तेवढंच झालं.

मग मी कामाचं बोलले, कारण मला तेच येतं. "आपण शब्द बदलू. 'खांब' म्हणा, 'बटाटा' म्हणा, तिला शब्दाशी देणंघेणं नाही. आठवड्याभरात नवा शिकेल."

"नको," रेनो म्हणाले. "इल्माने शिकवलेला आहे तो शब्द. तोच म्हणेन. मला जरा वेळ दे."

मग आम्ही पहिल्यापासून सुरू केलं, पिल्लू असल्यासारखं. एक पाऊल, दोन सेकंद, परत. "तिच्याकडे बघा," मी म्हणाले. "घड्याळाकडे बघू नका. पंजा हलला की परत या, मग तीन सेकंद झाले असोत की तीस."

रेनोंनी चाळीस वर्षं बंदराच्या धक्क्यावर बोटींत लोहखनिज भरण्यात घालवली होती. लोखंडाचे गोळे धडाधड पोटात पडत असताना बोट कुठल्या अंगाला झुकतेय ते बघायचं, आणि ती बोटभर कलायच्या आत हात वर करायचा. चुकलं तर सहाशे फुटांची बोट मधून दुमडते म्हणे. तो डोळा त्यांनी पुल्लावर लावला. माझ्या वर्गातून शेकडो माणसं गेली असतील, कुत्र्याचा पंजा उचलला जायच्या आधी खांद्यात जी सुरसुर होते ती बघणारा हा एकच. एकदा तर मला काहीच दिसलं नव्हतं, आणि ते परत वळलेसुद्धा. "डावी बाजू जड झाली होती," म्हणाले.

तिला सोडताना ते 'सुट्टी' म्हणायचे, अगदी हळू, चर्चमध्ये बोलावं तसं. पुल्ला तरी उड्या मारायचीच.

पंधरा सेकंद. तीस. हॅलोवीनला एक मिनिट, लहान मुलं दार वाजवत असताना. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते सॉनापर्यंत जाऊन, कडी वाजवून, परत आले, दोन मिनिटं दहा. दाराच्या काचेतून तिच्यावर नजर ठेवून. मंगळवारी वर्गात डेलने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "रेनो, आता माझ्या बायकोला आणतो तुमच्याकडे." रेनो हसले. गेल्या फेब्रुवारीपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. समोरचा एक दात पडलाय हे मला त्या दिवशी कळलं.

गुरुवारी घरी पूर्ण तीन मिनिटं झाली. एकदाच. पण झाली.

परीक्षा शनिवारी आमच्याच हॉलमध्ये होती, हरणांची शिकार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. त्यानंतर दोन आठवडे आमच्या गावात कुणी मेलं तरी कळवायला माणूस सापडत नाही. परीक्षा घेणारी मार्लिस, जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली, माझी तीस वर्षांची मैत्रीण. तिच्या गळ्यात पोहण्याच्या शर्यतींना वापरतात तसलं घड्याळ, आणि चेहरा असा की कुत्रीसुद्धा तिच्यासमोर शेपटी जपून हलवतात.

पुल्लाने बाकी सगळं केलं. अनोळखी माणसाला अंगावरून हात फिरवू दिला. वॉकर घेऊन कुणी शेजारून गेलं तर तिने नुसतं वर पाहिलं. जमिनीवर टाकलेला मांसाचा तुकडा 'सोड' म्हटल्यावर सोडला, मोठ्या दुःखाने. मग शेवटची पायरी.

रेनोंनी तिला आडवी केली. टोपी काढून खिशात कोंबली. तळहात सरळ वर गेला, हललासुद्धा नाही, आणि ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "थांब."

ते दाराबाहेर गेले. दाराला वरच्या बाजूला जाळीची काच आहे, वहीच्या पानाएवढी. तिथे त्यांचं कपाळ आणि डोळे. पुल्लाला खालून ते दिसत नव्हते.

मला भिंतीशी उभं राहायची परवानगी होती, बोलायची नव्हती. एक मिनिट झालं. पुल्ला दाराकडे बघत पडलेली. दीड. दोन. वरच्या मजल्यावर कुणीतरी घडीच्या खुर्च्या रचत होतं, त्यातली एक कोसळली. पुल्लाचे कान मागे गेले. मी मनातल्या मनात म्हणत होते, नाही, नाही, राणी, अजून थोडंच. तिने ओठ चाटला. मार्लिस घड्याळाकडे बघत होती. मी बघत होते पुल्लाच्या उजव्या पंज्याकडे, तो फरशीवरून सुटला. बोटभर. पुन्हा टेकला.

दार उघडलं.

रेनो चालत आत आले, घाई न करता, मी शिकवलं होतं तस्से. तिच्यापाशी वाकले, खुब्याला हात देऊन. छातीला हात लावला. "सुट्टी," म्हणाले.

पुल्लाने चारही पाय हवेत टाकले.

मार्लिसने घड्याळ दाबलं होतं. "दोन मिनिटं एक्केचाळीस," ती म्हणाली. आणि मग, तिच्या मानाने बऱ्याच मऊ आवाजात, "रेनो, ती उठली नव्हती."

"पंजा उचलला होता."

"पंजा उचलला तर काही नाही. पंज्याचा नियमच नाही. अहो, उठून बसली असती तरी मी चालवून घेतलं असतं. जागा सोडायला नको, एवढंच."

"तिच्याकडे संपलं होतं," रेनो म्हणाले. "मला दिसलं."

मी मार्लिसला कॉफीच्या भांड्यापाशी ओढून नेलं. "एकोणीस सेकंद, मार्लिस."

"मला वजाबाकी येते, डार्ला."

"लिहून टाक ना तीन. कोण बघतंय?"

"गेल्या वर्षी लिहून दिलं होतं एकाला. त्या कुत्र्याने चौथ्या दिवशी एका बाईला जिन्यात पाडलं. अजून व्हीलचेअरवर आहे ती. दर रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या रांगेत." ती माझ्याकडे बघेना. "दुसरी संधी देता येते. दहा मिनिटांनी. त्यांना सांग, देते मी."

मी जाऊन सांगितलं. रेनोंनी ऐकलं, मान डोलावली. आम्ही दहा मिनिटं बसलो. पुल्ला पाणी प्यायली आणि त्यांच्या बुटांवर आडवी झाली. मी म्हणाले, "ह्या वेळी काचेतून बघू नका. गाडीत जाऊन बसा. रेडिओ लावा."

"बिघडलाय."

"मग नुसते बसा. तीन मिनिटं. रेनो, ती थांबेल."

"थांबेल," ते म्हणाले. "माझ्यासाठी थांबेलच ती. मरेस्तोवर थांबेल."

ते उठले. तिला आडवी केली. हात वर नेला. छातीपर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, आणि तिथे नुसताच राहिला, आणि आम्ही दोघी बायका त्या हाताकडे बघत राहिलो. पुल्लाही बघत होती, वर, त्या तळहाताकडे, शेपटीचं टोक हलवत, की सांगा, सांगा ना. मग त्यांनी तोच हात खाली नेऊन तिच्या डोक्यावर ठेवला.

"नाही जमायचं, मार्लिस," ते म्हणाले. "कागदावर काय असेल ते लिही."

बावीस वर्षं मी सांगतेय, कुत्रं उठायच्या आत परत जा. बावीस वर्षांत एकाने ऐकलं.

नोव्हेंबरच्या तीस तारखेला दुपारी केरीची गाडी माझ्या अंगणात आली. बर्फ भुरभुरत होता. पुल्लासाठी दुसरं घर कुणी शोधलंच नव्हतं. मी म्हणाले नव्हते आणि त्यांनी विचारलं नव्हतं, पण परीक्षेच्या संध्याकाळीच मी माझ्या मागच्या खोलीतली शिवणयंत्राची जागा मोकळी केली होती. रेनोंनी तिचं भांडं आणलं, चटई आणली, आणि इल्माच्या हातचा एक कागद, फ्रिजवर लावलेला असायचा तो. बस, आडवी हो, थांब, ये, सोड, सुट्टी. प्रत्येकापुढे हाताचं चित्र. त्या चित्रांत इल्माच्या बोटातली अंगठीसुद्धा काढलेली होती.

"रविवारी येईन," ते म्हणाले. "केरी म्हणते, टेकडीवरून चर्चसाठी बस असते. चर्च चुकवलं तर इथे येता येईल."

"चुकवा," मी म्हणाले.

केरी गाडी चालू ठेवून बसली होती, चष्मा काढून डोळे पुसत. रेनो पायपुसण्यावर उभे होते, टोपी हातात. पुल्ला त्यांच्यासमोर आपणहून बसली. ती वर बघत होती, तिला पुढचं ठाऊक होतं. दाराशी माणूस उभं राहिलं की काहीतरी सांगतं.

"काय म्हणायचं असतं निघताना?" त्यांनी विचारलं. "तू सांगायचीस."

"काहीही चालतं. घर सांभाळ म्हणा."

"म्हणजे तिला वाटेल, येईन मी परत संध्याकाळी."

"रविवारी येणारच आहात की."

"तिला रविवार कुठला कळतोय, डार्ला."

त्यांनी हात खिशात घातले. दोन्ही. मग खुबा सांभाळत वाकले, इतके की तोंड तिच्या कानाशी आलं, आणि सरावात म्हणायचे तसं हळू म्हणाले, "सुट्टी, पुल्ला. सुट्टी."

तिने उडी मारली, स्वतःभोवती एक चक्कर मारली, आणि तुकडा कुठाय म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी दिला. ती तो चावत असताना दार बंद झालं. मागे वळून त्यांनी काचेतून पाहिलं नाही. मी बघत होते, त्यांनी पाहिलं नाही. गाडी रस्त्याला लागेपर्यंत त्यांची पाठ ताठ होती.

पुल्ला दाराशी गेली. पायपुसण्याचा वास घेतला, दाराखालच्या फटीचा घेतला. मग आडवी झाली आणि पुढचे दोन्ही पंजे शेजारी शेजारी ठेवून त्यांवर हनुवटी टेकली.

"सुट्टी, राणी," मी म्हणाले.

तिने शेपटीचं टोक हलवलं. माझं ऐकलं होतं तिने.

चार वाजता अंधारलं, तेव्हा मी पुन्हा म्हणाले. जेवणाचं भांडं वाजवून म्हणाले. इल्माच्या कागदावरचं चित्र बघून, हात तस्सा उघडून म्हणाले. थांब असं तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे सोडवायचं तरी कशातून, ते मला कळेना. शेवटी मी तिचं भांडं आणि माझी कॉफी घेऊन तिथेच पायपुसण्यापाशी खाली बसले.